कॉन्फरन्स यंत्रांचे संदेश वाचले जावेत

महोदय,

जिल्हा कार्यालयांपासून सहकारी बँकांच्या शाखांपर्यंत आता अनेक बैठका कॉन्फरन्स कॉलवर होतात आणि कॉल तुटला की ‘लाइन गेली’ एवढीच तक्रार नोंदवली जाते. या यंत्रणांच्या देखभालीचे काम करणारा तंत्रज्ञ म्हणून मी आग्रहाने सांगू इच्छितो, की काय बिघडले हे बहुतेक वेळा यंत्राने तेव्हाच सांगितलेले असते; ते कोणी टिपून ठेवत नाही, म्हणून दुरुस्तीपेक्षा शोधातच अधिक वेळ जातो.

इंटरनेटवरील दूरध्वनीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘सिप’ पद्धतीचे उत्तर-क्रमांक २००२ च्या मानकात निश्चित केलेले आहेत. ४८६ म्हणजे समोरचा फोन व्यस्त आहे. ५०३ आला तर आपल्या फोनमध्ये दोष शोधू नये, कारण सर्व्हर बंद आहे किंवा त्याच्यावर भार झाला आहे. सर्वांत फसवा ४८८. दोन्ही फोन चालू असतात, नेटवर्कही ठीक असते, पण एका बाजूला फक्त जी.७२९ आणि दुसऱ्या बाजूला फक्त जी.७११ हा कोडेक (आवाजाचे डिजिटल संकेतांत रूपांतर करण्याची पद्धत) असल्यामुळे कॉल जुळत नाही. अशा वेळी केबल बदलून किंवा यंत्र बंद-चालू करून काहीही साधत नाही. दोन्हीकडे एक सामाईक कोडेक सुरू करावा लागतो.

याहून अधिक दुर्लक्ष होते ते गांभीर्याच्या पातळीकडे. ‘सिसलॉग’ नोंदींत, म्हणजे यंत्र आपल्या घडामोडींचे जे टिपण ठेवते त्यात, ० ते ७ अशा आठ पातळ्या असतात आणि आकडा जितका लहान तितका प्रसंग बिकट: ० म्हणजे यंत्रणा वापरण्याजोगी उरलेली नाही, ३ म्हणजे त्रुटी, ४ इशारा, ६ निव्वळ माहिती. नोंदीच्या आरंभी टोकदार कंसात १८७ दिसले, तर त्याला आठाने भागावे. बाकी उरलेले ३ हीच पातळी. नोंदींची मर्यादा ३ वर ठेवली, की चौथ्या पातळीचे इशारे साठवलेच जात नाहीत, आणि आवाज तुटक येऊ लागल्याची पूर्वसूचना बहुधा त्यांतच असते. मर्यादा ७ वर नेली, तर नोंदींच्या पुरात कामाची ओळ सापडत नाही. रोजच्या वापरासाठी ५ ही मर्यादा मला योग्य वाटते.

कोणती घटना कोणत्या पातळीत घालायची हे मात्र प्रत्येक उत्पादक आपापल्या परीने ठरवतो. त्यामुळे आपल्या यंत्राचे संदेश, त्यांची पातळी आणि प्रत्येकावर करावयाचा उपाय यांची मराठी यादी पुरवठादाराने दिलीच पाहिजे, अशी अट शासकीय खरेदीच्या निविदेत असावी. तक्रार वहीतही संदेशाचा क्रमांक, पातळी आणि नेमकी वेळ यांसाठी रकाने असावेत. वेळेचा रकाना तर टाळूच नये, कारण दोन्ही टोकांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय दोष कोणत्या बाजूचा हे ठरत नाही, आणि त्यासाठी दोन्हीकडच्या यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असावी लागतात.

— एक दूरध्वनी तंत्रज्ञ, सोलापूर