मताचा हक्क शेतसाऱ्याने मोजला गेला

संपादक महोदय,

इंग्रजांनी आपल्याला निवडणुका दिल्या, हे विधान व्याख्यानांतून आणि लेखांतून इतक्या सहजपणे केले जाते, की ते देणे किती हात राखून होते याचा विसर पडतो. १८६१ च्या कायद्याने मुंबई कायदेमंडळात आलेले मोजके बिनसरकारी सभासद गव्हर्नरांनी नेमलेले होते. १८९२ नंतर नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ यांना नावे सुचवता येऊ लागली. याच वाटेने लोकमान्य टिळक आणि पुढे गोखले तेथे पोहोचले. त्यांना प्रश्न विचारता येत, अंदाजपत्रकावर बोलता येई, पण त्यावर मत देता येत नसे. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या विधेयकाविरुद्ध फिरोजशहा मेहता आणि गोखले सभात्याग करून बाहेर पडले, तरी ते विधेयक संमत झालेच.

१९२० मध्ये थेट मतदान आले, तेव्हा तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील खेड्यांत मतदार होण्यासाठी साधारणतः किमान ३२ रुपये शेतसाऱ्याची जमीन लागे. पेन्शनर शिपायाला मात्र ही अट नव्हती. चाळीस रुपये साऱ्याचे खाते दोन भावांत फुटले, की वीस-वीस रुपयांवर दोघेही यादीबाहेर! शेतमजुरांचा आणि बहुतेक अल्पभूधारकांचा प्रश्नच नव्हता. स्त्रियांवरील बंदी मुंबई कायदेमंडळाने लवकरच उठवली, हे मोलाचेच. पण सातबारावर किती जणींचे नाव होते?

आज एकाच जिल्ह्यात असलेल्या तासगाव आणि सांगलीची स्थितीही वेगळी होती. तासगाव ब्रिटिश मुलखात, तर सांगली पटवर्धनांच्या संस्थानात. त्यामुळे मुंबईच्या कायदेमंडळासाठी सांगलीकराला मतच नव्हते. उलट औंध संस्थानात, म्हणजे आटपाडीच्या बाजूलाही, १९३९ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी आपले अधिकार सोडून गावपंचायतींच्या पायावर राज्यकारभार उभा केला. गव्हर्नरांचे विशेषाधिकार १९३५ च्या कायद्यातही कायम होते, हे पाहता औंधचे पाऊल किती पुढचे होते ते कळते.

ब्रिटिशांविरुद्ध सातारा भागात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचा, म्हणजे समांतर सरकारचा, इतिहास आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. त्याबरोबर कोणाला मत होते आणि कोणाला नव्हते, हेही सातारा-सांगलीच्या शाळांत शिकवले जावे. तहसील कचेऱ्यांत त्या काळच्या मतदार याद्या उरल्या असतील, तर दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी त्या शोधून, वाळवीपासून वाचवून अभ्यासकांना खुल्या कराव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)