आतला सूट मीच शिवणार, पण रागावू नकोस

प्रिय आई आणि बाबा,

आई, परवा फोनवर तू म्हणालीस ना की माझ्या स्पर्धेच्या चिलखताच्या आत घालायचा काळा सूट मी शिवून देते, तुझ्याच्याने नाही व्हायचं, आणि मी एकदम "नको नको, तू हातच लावू नकोस" म्हणून मोकळी झाले. तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. तुझं ते "बरं" मी चांगलं ओळखते. दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून म्हटलं लिहूनच काढावं, फोनवर मी कायम घाईत असते आणि बाबांना अर्धं ऐकूच येत नाही.

तर कारण असं आहे की ही कॉस्प्लेची स्पर्धा, म्हणजे गेममधल्या वगैरे पात्राचा पोशाख बनवून, तो घालून उतरायचं, ती नुसतं नटून स्टेजवर फिरणं नाही. त्याच्या आधी परीक्षक बोलावतात आणि सगळं जवळून बघतात, शिवण उलटून बघतात, हे कशाने चिकटवलं, तो रंग कसा दिला असं खोदून खोदून विचारतात, बनवतानाचे फोटो पण दाखवावे लागतात. आणि मी जिथे उतरतेय तिथे बहुतेक काम स्पर्धकाने स्वतः केलेलं पाहिजे असा नियमच आहे. तुझी शिवण ओळीने उभं केल्यासारखी सरळ असते, माझी कशी येते ते तुला माहितीये, मी बाकीचे तुकडे दाखवले आणि मग तो सूट दाखवला तर तिथल्या तिथे पकडली जाईन. म्हणून नको म्हटलं. तुझं काम नको म्हणून नाही गं.

बाबा, तुम्ही फोटो बघून विचारलंत "हा रोबो कोण?" हा नाही, ही. सॅमस अरान तिचं नाव, मेट्रॉइड नावाच्या व्हिडिओ गेममधली, गेम 1986 चा आहे. अख्खा गेम ती चिलखतात असते, सोबतच्या पुस्तिकेत पण तिला पुरुष असल्यासारखंच लिहिलं होतं, आणि जे लवकर गेम संपवायचे त्यांना शेवटी कळायचं की आत बाई आहे. मला हे इतकं आवडलं की दुसरं कुठलं पात्र मनातच आलं नाही. आता तिचे ते दोन गरगरीत खांदे दिसतायत ना फोटोत, त्याची पण गंमत आहे. 1991 मध्ये दुसरा भाग गेम बॉयवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या मशीनवर आला आणि त्याच्या स्क्रीनला रंगच नव्हते, नुसत्या 4 छटा, मग साधा सूट आणि भारीवाला सूट वेगळे कसे दाखवणार? म्हणून भारीवाल्याचे खांदे गोल आणि मोठे केले. पुढे रंग आले तरी खांदे राहिलेच आणि आता ते माझ्या बोकांडी बसलेत.

हे सगळं लोखंड बिखंड काही नाही, फोम आहे, जिममध्ये जमिनीवर मॅट टाकतात तसला, ईव्हीए म्हणतात. आधी अंगावर प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळायची, त्यावर डक्ट टेप, मग मार्करने रेघा मारायच्या आणि मैत्रिणीने कात्रीने कापून सोडवायचं (ती इतकी हसत होती की मला कात्रीचीच भीती वाटत होती). ते कवच सपाट केलं की झाला पॅटर्न. आणि इथेच मी माती खाल्ली. तू लहानपणापासून डोक्यात घातलंयस ना, बेतताना अर्धा इंच माया ठेवायचीच, तर माझ्या हाताने आपोआप ठेवली. पण फोमला माया ठेवायची नसते, तिथे कडेला कड चिकटवतात, एकावर एक नाही. छातीचे 8 तुकडे, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच, म्हणजे घेर सरळ 8 इंच वाढला. घातलं तर पिंपात उभं राहिल्यासारखं. कापड असतं तर उसवलं असतं, पण हा जो गोंद आहे ना कॉन्टॅक्ट सिमेंट, तो दोन्ही कडांना लावून आठ दहा मिनिटं ओलसरपणा जाईपर्यंत थांबायचं आणि मग कडा टेकवल्या की संपलं, हलवायची सोय नाही, ओढलं तर फोमच फाटतो. दोन रात्रींचं काम गेलं. मी जमिनीवर बसून थोडं रडले, मग सगळं परत कापलं.

पण खांदे मात्र तुझ्यामुळेच जमले, खरंच सांगते. सगळे व्हिडिओ बघून झाले, चेंडूसारख्या पाकळ्या कापून जोडल्या तर मधे टोक यायचं, आणि मग आठवलं की तू सपाट कापडाला गोलाई आणायला टक घेतेस आणि टक एका जागी कधी संपवत नाहीस, थोडे मागेपुढे ठेवतेस. तसंच केलं. चार पाचरी कापून काढल्या, कमी जास्त लांबीच्या, पातं तिरकं धरून, मग हीट गनने गरम करून गुडघ्यावर दाबून धरलं आणि बसला की गोल! परीक्षकांनी विचारलं तर हे मी सांगणार आहे, कल्पना सुचवू नये असं काही नियमात नाहीये.

बाबा, गोंदाच्या वासाचं तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे, तो साधा मास्क लावून थांबत नाही. मी गॅसच्या फिल्टरचा रबरी मास्क घेतलाय आणि खिडकी उघडी टाकूनच बसते, त्यामुळे काळजी करू नका. थोडं डोकं दुखतं ते जागरणाने.

आणि आई, "हे कसलं नवीन खूळ" म्हणतेस ना, हे तुझ्याहूनही जुनं आहे. 1939 मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथावाल्यांचं पहिलं जागतिक संमेलन झालं तिथे दोघं जण भविष्यातले कपडे घालून गेले होते, फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस. दोघांचे कपडे मर्टलने शिवलेले. नाव मात्र कितीतरी वर्षं त्याचंच जास्त झालं.

आता कामाचं. उजव्या हातात कोपरापर्यंत ती तोफ असते, म्हणजे तो हात बादच, खांद्यांमुळे डावा डोक्यापर्यंत जात नाही, हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते, वाकता येत नाही, बसता तर अजिबात येत नाही. म्हणून प्रत्येकासोबत एक माणूस लागतो, स्ट्रॉने पाणी पाजायला, दारातून तिरकं न्यायला, स्टेजच्या पायऱ्या मोजायला. बाबा, तुम्ही याल का? गुडघे बरे असतील तरच, खुर्चीची सोय मी आधी विचारून ठेवते. आणि आई, तू सुईदोरा, सेफ्टी पिना आणि चष्मा घेऊन ये. बेल्ट ऐनवेळी तुटतातच, आणि एकदा परीक्षण उरकलं की तुटलेलं कोण शिवतंय ते कोणी बघत नाही.

सूटचे दोन्ही पाय झालेत, डाव्या पायाची शिवण जरा खेचतेय. फोटो पाठवते, काय चुकलंय ते फक्त सांग.

तुमची,
मनू