चाहत्यांनी फक्त रक्तच मागितले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘डेअरडेव्हिल’ मालिकेच्या चाहत्यांवर आलेला लेख वाचला. लेखकाने चाहत्यांची भरपूर टर उडवली आहे आणि तिच्यातली निम्मी तरी त्यांनी ओढवून घेतलेली आहे. मालिका बंद पडली की गळा काढतात, पुन्हा सुरू झाली की नाकं मुरडतात, नायक हसला तर चिडतात आणि त्याचा मित्र मेला तर कंपनीचा उद्धार करतात, हे वाचून आमच्या घरात हशा पिकला. कारण आमच्या घरातही असे दोन नमुने आहेत, आणि त्यातली एक मी आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. दहा वर्षांतल्या प्रतिक्रियांचा एवढा मोठा पाढा वाचताना, ज्यांची प्रतिक्रिया सगळ्यांत आधी आली आणि चार दिवसांत फळाला आली, त्या चाहत्यांना लेखात एक ओळही मिळालेली नाही. ते चाहते म्हणजे अंध प्रेक्षक.

ही मालिका नेटफ्लिक्सवर १० एप्रिल २०१५ रोजी आली. पहिल्या सीझनचे तेराही भाग एकदम. नायक मॅट मर्डॉक हा न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीतला वकील. लहानपणी एका अपघातात डोळ्यांत रसायन गेल्याने दृष्टी गेलेला. दिवसा कोर्टात गरिबांची बाजू मांडणारा आणि रात्री डोळ्यांवरून काळे फडके बांधून गुंडांना बडवणारा. ती भूमिका करणाऱ्या चार्ली कॉक्सला पांढरी काठी कशी धरायची, जिना कसा उतरायचा, हे शिकवायला अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेतले जो स्ट्रेचे होते, जे स्वतः अंध आहेत. म्हणजे पडद्यावरचा अंधपणा खरा वाटावा याची काळजी पुरेपूर घेतलेली. पण मालिका प्रदर्शित झाली त्या दिवशी अंध माणसाला ती समजावी अशी कोणतीच सोय तिच्यात नव्हती. ऑडिओ डिस्क्रिप्शन नव्हते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक आवाज पडद्यावर काय चालले आहे ते थोडक्यात सांगतो. कोण आत आले, कोणाच्या हातात काय आहे, कोण कोणाकडे बघून गप्प बसले. आपल्या पिढीला यात नवल वाटायचे कारण नाही. रेडिओवरच्या बाळ ज. पंडितांच्या धावत्या वर्णनावर ज्या घरांनी अख्ख्या कसोट्या ‘पाहिल्या’, त्यांना हे कानांनी बघणे चांगले ठाऊक आहे. ‘डेअरडेव्हिल’सारख्या मालिकेत तर त्याची गरज जास्तच, कारण इथे मारामारी सुरू झाली की दोन-दोन, तीन-तीन मिनिटे कोणी शब्द बोलत नाही. ऐकू येतात ते फक्त धपाटे आणि कण्हणे. कोण जिंकतोय ते कसे कळणार?

नेटफ्लिक्सकडे ही मागणी त्यापूर्वीही होत होती. रॉबर्ट किंगेट या अंध पत्रकाराने त्यासाठी मोहीमच चालवली होती. पण आंधळ्या नायकाची मालिका आंधळ्यांनाच बंद, ही विसंगती एवढी ढळढळीत होती की समाजमाध्यमांवर डोळस चाहतेही त्यांच्या बाजूने बोलू लागले. १४ एप्रिलला कंपनीने जाहीर केले की आम्ही ऑडिओ डिस्क्रिप्शन सुरू करत आहोत आणि सुरुवात ‘डेअरडेव्हिल’पासून. पुढे कंपनीच्या इतर मालिकांची नावे त्या यादीत येत गेली. वर्षभराने, एप्रिल २०१६ मध्ये, अंधांच्या संघटनेशी रीतसर करार झाला आणि ही सोय वाढवत नेण्याचे कंपनीने मान्य केले. भारतात नेटफ्लिक्स आले ते जानेवारी २०१६ मध्ये. म्हणजे आपल्याकडे पोचली तेव्हा मालिका ‘ऐकण्या’साठी तयार होती. आपल्या लेखातल्या सह्यांच्या मोहिमा, हॅशटॅग आणि निषेध यांतल्या कशाने एवढ्या लवकर एवढे मोठे काम केले?

आता त्या बाकीच्या चाहत्यांकडे वळते, कारण त्यांच्याबद्दलही लेखाशी माझे पूर्ण जमत नाही. २९ नोव्हेंबर २०१८ ला मालिका रद्द झाली तेव्हा तिसरा सीझन येऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते आणि तो चांगला होता. त्या वेळचा संताप पोरकट नव्हता. चाहत्यांनी मोहीम वर्षानुवर्षे चालवली. डिसेंबर २०२१ मध्ये कॉक्स एका स्पायडरमॅनपटात दोन मिनिटांसाठी दिसला, त्याच आठवड्यात व्हिन्सेंट डिनोफ्रिओचा किंगपिन, म्हणजे मालिकेतला मुख्य खलनायक, ‘हॉकआय’ मालिकेत परतला. चाहत्यांना वाटले, आपण जिंकलो. ते सर्वस्वी त्यांच्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. कंपन्या हिशेब बघतात. पण तीन वर्षे कोणी नाव काढत राहिले नसते तर हिशेबात ते नाव आले असते का, हा प्रश्न उरतोच.

नंतर मात्र चाहत्यांनी स्वतःचे हसे करून घेतले. ‘शी-हल्क’ या विनोदी मालिकेत २०२२ मध्ये डेअरडेव्हिल पाहुणा म्हणून आला, रात्र तिच्या नायिकेकडे काढली आणि सकाळी बूट हातात घेऊन अनवाणी निघाला. त्यावरून काही जणांनी असा काही गहजब केला की जणू कुलदैवताची विटंबना झाली. मला तो प्रसंग आवडला होता. चोवीस तास जखमा कुरवाळणारा माणूस एखाद्या सकाळी खुशीत घरी गेला तर कोणाचे काय गेले?

यामागे जी समजूत आहे ती लेखकानेही गृहीत धरलेली दिसते, म्हणून जरा थांबते. समजूत अशी की ही मालिका ‘मोठ्यांची’ आहे कारण तिच्यात रक्त आहे. मालिका डिस्नेच्या छत्राखाली जाणार म्हटल्यावर चाहत्यांना भीती पडली ती हीच, की आता सगळे गुळचट होणार. मार्च २०२५ मध्ये ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’ ही पुढची मालिका आली. शेवटच्या भागात किंगपिन पोलीस आयुक्ताची कवटी हातांनी चिरडतो, तेही कॅमेऱ्यासमोर. त्यावर कित्येक चाहते खूश झाले, की बघा, धार कायम आहे! मी तिथे मान फिरवली.

लोकांना आजही आठवतो तो २०१५ च्या दुसऱ्या भागातला, इमारतीच्या आतल्या बोळातला प्रसंग. तो पुन्हा बघा. आदल्या मारामारीत मॅटची हाडे खिळखिळी झालेली आहेत, एका परिचारिकेने त्याला कसेबसे टाके घातले आहेत, आणि रशियन टोळीने पळवलेल्या एका पोराला सोडवायला तो तशाच अवस्थेत जातो. कॅमेरा बोळातून हलत नाही. मॅट खोलीत शिरतो, आपण बाहेरच. आतून आदळआपट ऐकू येते, दारातून मायक्रोवेव्ह उडत बाहेर येतो, माणसे धडपडत येतात आणि पुन्हा आत ओढली जातात. अर्धी मारामारी आपण बघतच नाही. रक्तही फारसे नाही. आठवणीत राहतो तो दमलेला नायक. ठोसा मारल्यावर त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागतो, पाडलेला माणूस पुन्हा उठतो, याला पुन्हा मारावे लागते. माणूस मारून मारून थकतो, ही साधी गोष्ट सुपरहिरोंच्या दुनियेत कोणी दाखवली नव्हती. मालिकेचा रांगडेपणा तिथे आहे. फुटलेल्या कवटीत नाही.

आणि हा प्रसंग वर्णनासह ऐकताना किती उत्तम कळतो! माझे धाकटे दीर जन्मांध आहेत, बँकेत नोकरी करतात, संगणकावर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरून माझ्या दुप्पट वेगाने वाचतात. घरातला दुसरा नमुना तोच. मालिकेबद्दल त्यांची मते ठाम आहेत. मॅटला दुसऱ्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, खोटे बोलणारा लगेच कळतो, यावर ते म्हणाले होते, “वहिनी, हा गडी आंधळा नाहीच, हा सीसीटीव्ही आहे. याच्यामुळे लोकांना वाटतं मलाही भिंतीपलीकडचं ऐकू येतं. मला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत.” पण बोळातला तो प्रसंग त्यांनी मला न विचारता, न थांबवता एकट्याने ‘पाहिला’ होता. मॅटचा मित्र आणि वकिलीतला भागीदार फॉगी नेल्सन मेला तेव्हाही चिडले तेच. ‘बॉर्न अगेन’च्या मूळ आराखड्यात फॉगी आणि त्यांच्या कचेरीतली कॅरन नव्हते. २०२३ मध्ये चित्रीकरण अर्ध्यावर असताना मार्व्हल या निर्मात्या कंपनीने लेखक-दिग्दर्शक बदलले, नवा आराखडा झाला आणि दोघांना परत आणले गेले. चाहत्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. आणि पहिल्याच भागात, पंधरा-वीस मिनिटांच्या आत, फॉगीला गोळी! त्यावरच्या रागाला आपले लेखक ‘बालहट्ट’ म्हणतात. आमचे भाऊजी म्हणाले, “त्या मालिकेत एकच माणूस घरातल्यासारखा बोलत होता, तोच घालवला.” मला यात हट्ट दिसत नाही, टीका दिसते, आणि ती चांगल्यापैकी नेमकी आहे.

हे सगळे अमेरिकेतल्या मालिकेबद्दल झाले. आपल्याकडे काय? अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्याच्या कलम ४२ मध्ये दृक्‌श्राव्य माध्यमांत ऑडिओ डिस्क्रिप्शन, सांकेतिक भाषा आणि मजकूरपट्टी असावी असे म्हटले आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या निर्मात्यांना ओटीटीवर येण्यापूर्वी ऑडिओ डिस्क्रिप्शन तयार करायला सांगितले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ऑक्टोबर २०२५ मध्ये ओटीटीसाठी मसुदा जाहीर केला. म्हणजे कागद हलला आहे. पण माझ्या सासूबाईंना काचबिंदूने नीट दिसत नाही, त्या संध्याकाळच्या मराठी मालिका ऐकतात. आपल्या मालिकांत सगळे जण सतत बोलत असल्यामुळे त्यांचे बरेचसे निभते, हा एक अनपेक्षित फायदा. मात्र ढॅण-ढॅण संगीत वाजून तीनदा चेहरे दाखवले की त्या ओरडतात, “अगं, कोण बघतंय कुणाकडे?” आणि मी पोळ्या लाटता लाटता स्वयंपाकघरातून डिस्क्रिप्शन पुरवते. चांगल्या मराठी चित्रपटांचे तर याहून कठीण, कारण चांगल्या दिग्दर्शकांना गप्प बसायला आवडते.

भाऊजी इंग्रजी मालिका बघतात ते त्या जास्त आवडतात म्हणून नाही. तिथे वर्णनाची सोय असते म्हणून. मराठी निर्मात्यांनी हा मुद्दा लक्षात घ्यावा. प्रेक्षक इंग्रजीकडे गेला म्हणून व्यासपीठावरून खंत व्यक्त करताना कोणता प्रेक्षक का गेला हेही बघावे. खर्चाचे कारण पुढे केले जाते. मला निर्मितीतले गणित कळत नाही, पण एक जाणकार लेखक, एक चांगला आवाज आणि काही दिवसांचे ध्वनिमुद्रण यांचा खर्च परदेशातल्या एका गाण्यापेक्षा जास्त होत असेल असे वाटत नाही. श्रुतिका लिहिणाऱ्या आणि सादर करणाऱ्या कलावंतांची आकाशवाणीमुळे आपल्याकडे कधी वाण नव्हती.

माझ्या विनंत्या दोनच आहेत. आपल्या अंकात दर शुक्रवारी ‘या आठवड्यात ओटीटीवर’ अशी चौकट येते. तिच्यात मालिकेची भाषा, भागांची संख्या आणि तारे दिलेले असतात. त्यात ऑडिओ डिस्क्रिप्शन आहे की नाही, असल्यास कोणत्या भाषेत, एवढी एक ओळ वाढवावी. ही माहिती बहुतेक वेळा त्या त्या मालिकेच्या ध्वनीच्या पर्यायांत मिळते, त्यासाठी कोणाला फोन करावा लागत नाही. मराठी चित्रपटांपुढे आठवड्यामागून आठवडे ‘नाही’ छापून आले, तर निर्मात्यांपैकी एखाद्याला तरी ते टोचेल.

दुसरी विनंती आपल्या ई-पेपरबद्दल. त्याची पाने चित्रांच्या रूपात येतात, त्यामुळे स्क्रीन रीडरला त्यातले अक्षरही वाचता येत नाही. तो रविवारचा लेख भाऊजींना मी मोठ्याने वाचून दाखवला. हे पत्र छापलेत तर तेही वाचून दाखवीन, पण मजकूर साध्या अक्षरांत उपलब्ध करून दिलात तर त्यांना माझी वाट बघावी लागणार नाही, आणि आपल्या लेखकांना थेट उत्तर द्यायची त्यांची कधीपासूनची इच्छा आहे.

आपली नियमित वाचक,
मिरज