प्राण्यांवरील दमा-प्रयोगांत ताणाची नोंद हवी

संपादक महोदय,

ॲलर्जीकारक पदार्थ श्वासावाटे आत गेल्यावर श्वासनलिका काही मिनिटांतच आवळतात. परंतु अनेक दमेकऱ्यांना साधारण 4 ते 8 तासांनी जो दुसरा, अधिक चिवट त्रास होतो, तो प्रयोगशाळेतील प्राण्यांत दिसला नाही म्हणून तेथे तो घडतच नाही, असे मानणे घाईचे ठरेल. हाताळणी व बांधून ठेवणे यांच्या ताणाने मूत्रपिंडांवरील अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक (उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन) स्वतःच श्वासनलिकांचा दाह शमवते, त्यामुळे हा दुसरा त्रास झाकला जाऊ शकतो. डुकरांवरील प्रयोगांत मेटिरापोन हे औषध देऊन कॉर्टिसोलची निर्मिती रोखल्यावर ही विलंबित प्रतिक्रिया स्पष्ट झाली. शिवाय निशाचर उंदरांत हे संप्रेरक संध्याकाळी वाढते. म्हणून अशा शोधनिबंधांत संप्रेरकाची पातळी, प्रयोगाची वेळ आणि हाताळणीचा तपशील देणे नियतकालिकांनी बंधनकारक करावे.

— एक वाचक, पुणे