ठेकेदारीतल्या कामगारांची मागणी का गाळली?

संपादक महोदय,
स. न.

कोळसा कामगारांच्या संपावरचा कालचा अग्रलेख वाचला आणि राग आवरेना. भरपूर पगार, क्वार्टर, दवाखाना असं सगळं असूनही कोरोनाच्या संकटात यांनी देशाला वेठीस धरलं, असा त्याचा सूर. संपाच्या वेळेबद्दल एवढं लिहिलंत, तर सरकारने साधलेल्या वेळेबद्दल एक ओळ तरी लिहायची होती. खासगी कंपन्यांना कोळसा काढून बाजारात विकू देण्याची घोषणा अर्थमंत्र्यांनी १६ मे २०२० रोजी केली, तेव्हा लॉकडाउन चालू होता. मोर्चा काढायची कुणाची सोय नव्हती. १८ जूनला पंतप्रधानांनी ४१ खाणपट्ट्यांच्या लिलावाला सुरुवात केली. खाणीतली माणसं या सगळ्या काळात कामावर जातच होती. आणि याविरुद्धच्या २ ते ४ जुलैच्या संपात इंटक, आयटक, सिटू, हिंद मजदूर सभा या कामगार संघटनांबरोबर संघ परिवारातला भारतीय मजदूर संघही होता. मग ‘विरोधकांची फूस’ कशाच्या आधारावर लिहिलंत?

पण मला लिहायला बसवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मागण्या सांगताना तुम्ही ठेकेदारीतल्या कामगारांची मागणी गाळलीत. कोळसा खाणीतल्या ठेकेदारी कामगारांची मजुरी ठरवणाऱ्या हाय पॉवर कमिटीने ठरवून दिलेली मजुरी त्यांच्या हातात पडावी, ही ती मागणी.

माझा धाकटा भाऊ पैनगंगेपलीकडे, वणीकडच्या एका खुल्या खाणीत ठेकेदाराच्या टिप्परवर ड्रायव्हर आहे. कोळशावरची माती काढून टाकायची, तिला तिथं सगळे ओबी म्हणतात. कागदावर त्याला कमिटीची मजुरी मिळते, खात्यावर जमाही होते. दिवाळीआधी मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा पगार झालेला होता. ठेकेदाराचा मुनशी आला तो हातात एटीएम कार्डांचा गठ्ठा घेऊन, वर रबर लावलेलं. प्रत्येक कार्डाच्या मागे कागदाची पट्टी चिकटवून त्यावर पेनाने नाव आणि पिन. पैसे मुनशीच काढणार, त्यातले त्याला वाटतील तेवढे कामगाराच्या हातावर ठेवणार. भावाने स्वतःचं कार्ड मागितलं. मुनशी म्हणाला, “घेऊन जा ना. उद्यापासून मात्र गाडीवर चढू नको.” मी शेजारीच उभा होतो. दोघेही गप्प बसलो, कारण घरी आईचं औषध त्याच पैशांवर चालतं.

तपासणीला कुणी आलंच तर पासबुकात सगळं बरोबर! सरकारी कंपनीच्या खाणीत ही तऱ्हा, तर खासगी मालकाच्या खाणीत कामगाराने दाद कुठं मागायची? १९७३ मध्ये सरकारने खाणी ताब्यात घेतल्या तेव्हा कारण हेच दिलं होतं, की खासगी मालक पैसा घालत नाहीत, वाटेल तसं खोदतात आणि मजुरांचे हाल करतात. आता मालक सुधारले, असं तुम्हाला कुठं दिसलं?

संपाने राज्य अंधारात जाईल, अशी भीतीही तुम्ही घातलीत. आमच्याकडे संप नसतानाही रब्बीत कृषिपंपाला आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीचीच लाइट असते. गव्हाला पाणी द्यायला माणसं बॅटरी घेऊन साप-विंचवात उतरतात. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला तर गावाने वर्गणी काढायची, मग कुठं तो बदलून येतो. त्यावर अग्रलेख आलेला मला तरी आठवत नाही.

तीन दिवसांचा संप झाला. भाऊ त्यात गेला, आता मुनशी त्याचा फोन उचलत नाही. तुम्ही निदान सगळ्या मागण्या जशाच्या तशा छापा. आणि हे पत्र छापणार असाल तर एटीएम कार्डाचा मजकूर कापू नका. मागे आमच्या रस्त्याबद्दल लिहिलं होतं, तेव्हा नेमका ठेकेदाराचा भाग वगळून पत्र छापलं होतं.

– एक वाचक, किनवट (जि. नांदेड)