बंड्याशिवाय वाजलेलं 'येऊर'

नौपाडा, ठाणे
१८ जुलै

प्रिय नान्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा पावसात कुरकुरतो, माझं बीपी गोळीवर आहे, झालं. फोन मुद्दामच केला नाही. तू मध्येच 'मग सांगून टाक ना त्याला' म्हणाला असतास आणि विषय मिटवला असतास.

आपल्या ड्रमरबद्दल, बंड्याबद्दल आहे. त्याचं मनगट मोडलं ते तुला कळलं असेलच, वहिनीनं गावभर एक्स-रे पाठवला होता. आता प्लास्टर निघालंय, पुढच्या आठवड्यापासून तालमीला येतो म्हणतोय. आणि मला तो यायला नको आहे. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

तो नाही तोवर तालमी बंद, असंच ठरलं होतं. पण बेसवाली पोरगी कळव्याहून टेम्पोत डबल बेस घालून भर पावसात आली. तिला परत कसं पाठवणार? मग तिघंच बसलो, क्लॅरिनेट, गिटार, बेस. 'येऊर' घेतलं. ते रूपक तालावर बांधलंय, आठवतं ना? तीन-दोन-दोन, आणि पहिल्याच मात्रेवर, समेवरच खाली. मास्तर तिथे टाळी न देता हात हवेत उलटा करायचे. मी तो पीस त्या मोकळ्या जागेसाठीच लिहिला, आणि बंड्याची राइड सिंबल नेमकी तिथेच पडत आली. काठ्यांऐवजी ब्रश घे म्हटलं, त्यानं घेतले. ब्रशचाही एक बारीक 'स्स' समेवर यायचाच. त्या दिवशी पहिल्यांदा सम रिकामी आली. बेसचा आधीचा स्वर विरत होता, गिटारवाल्यानं तारांवर तळवा टेकला होता, आणि तिघंही काहीएक न वाजवता एकाच जागी उतरलो. नान्या, अंगावर काटा आला रे.

दुसरं म्हणजे माझे खालचे स्वर. सिंबलची झणझण सतत चालू असली की क्लॅरिनेटचा हळू वाजवलेला खर्ज तिच्याखाली बुडतो. मग ऐकू यावं म्हणून माणूस वर चढतो. आणि आमच्या वाद्याची तऱ्हा तुला ठाऊक आहे. मागची की दाबली की बासरी-सॅक्सोफोनसारखा वरचा सा येत नाही, एकदम वरच्या सप्तकातला पंचम येतो. तिथला आवाज टोकदार, बँडवाल्यांच्या वरातीतला. माझ्या सगळ्या चाली वरच्या वर राहिल्या त्या यामुळे. आता एकेक खाली आणून पुन्हा लिहितोय. रात्री दोन-दोन वाजतात, तरी उठवत नाही.

तुमचं ते गडकरी रंगायतनसमोरचं भांडण आठवतंय? तू म्हणालास, जॅझमधल्या क्लॅरिनेटवाल्या जिमी जूफ्रीनं १९६१ साली पियानोला पॉल ब्ले आणि बेसला स्टीव्ह स्वॅलो घेऊन ड्रमशिवाय त्रिकूट केलं, क्लॅरिनेटचा खरा आवाज तिथे आहे. बंड्या उसळला. बेनी गुडमनही क्लॅरिनेटवालाच, त्यानं १९३५ मध्ये त्रिकूट केलं तेव्हा बेसला काट मारली, पण ड्रमर जीन क्रूपाला ठेवलं, का ते सांग! वर म्हणाला, तुझ्या जूफ्रीच्या त्रिकुटाला शेवटी माणशी पस्तीस सेंट मिळाले म्हणतात, तेवढ्यात वडापाव तरी येतो का? त्याचं भाषण संपेपर्यंत त्याचा वडापाव तू खाल्ला होतास. आज तू जिंकलास. मला मात्र त्याचा जराही आनंद होत नाहीये.

कारण क्लॅरिनेट म्हणजे लग्नातलं वाद्य म्हणून सगळे हसत होते तेव्हा हाच एकटा म्हणाला होता, "तू वाजव, मी धरतो." त्यानंतर एकदाही त्यानं ठेका सोडला नाही. त्याला काय सांगू? तू धरतोस म्हणूनच मला ऐकू येत नाही, असं?

एक-दोन पीसमध्ये ठेवावा, असंही मनात आलं. तो हसून हो म्हणेल, मग तालमीला उशिरा यायला लागेल, मग एक दिवस येणारच नाही. ओळखतो मी त्याला.

म्हणून ठरवलंय, रविवारी त्याला खोलीवर बोलवायचं आणि काही बोलण्याआधी तिघांनी 'येऊर' वाजवायचं. आपल्या तिघांत कान त्याचाच सगळ्यात तयार आहे. ती रिकामी सम त्याला लगेच कळेल. मला भीती तीच वाटते.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिनूला अकरावीला हवं ते कॉलेज मिळालं का? बाबांच्या मोतीबिंदूचं एकदाचं उरकून घे, पुढे ढकलू नकोस.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघालास तर अकरापर्यंत पोचशील. तालीम बाराला आहे. जेवायला आईनं अळूवड्या करायचं कबूल केलंय. आणि वहिनीचा फोन आला तर यातलं अवाक्षर काढू नकोस.

तुझा,
पक्या