साहेबांचे ओटे आणि आपली विस्मृती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९ तारखेच्या अंकात विजयदुर्गावरच्या हेलियम दिनाची बातमी फोटोसकट आली. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेबांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात किल्ल्यावरच्या 'साहेबांच्या ओट्यां'वरून, म्हणजे दुर्बिणी मांडायच्या चौथऱ्यांवरून, हेलियम वायू शोधला, असे यंदाही ठोकून तुम्ही मोकळे झालात. अहो, लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते! हेलियमची खूण ठरलेली सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, तिकडेच पाहिली. विजयदुर्गाला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला.

मागे एका कार्यक्रमात हेच सांगायला मी उभा राहिलो. दोन वाक्ये होतात न होतात तोच संयोजकांनी माईक काढून घेतला, हातात चहाचा कागदी कप दिला आणि म्हणाले, "काका, चांगल्या दिवशी कशाला वाद?" पोरे फिदीफिदी हसली. चहा बरा होता, हे मान्य.

वाद मला घालायचाच नव्हता. १८६८ च्या त्याच ग्रहणाचे वेध मद्रास वेधशाळेच्या चिंतामणी रघुनाथाचारींनी वनपर्तीहून घेतले. आदल्याच वर्षी त्यांनी एक रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा, तारा शोधला होता. आणि १८९८ मध्ये लॉकियर आरमाराच्या खलाशांना हाताशी धरून इथे दुर्बिणी मांडत होते, तेव्हा पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला आपली यंत्रे लावून सज्ज होते. पुण्यातली त्यांची २० इंची दुर्बीण कसली जबरदस्त! ते निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये वेधशाळेला टाळे लागले, दुर्बीण गेली कोडाईकनालला. या दोघांच्या नावाचा साधा ओटा सोडा, भाषणात एक वाक्यही नाही. साहेब मात्र न येताही आले!

तुम्हा पत्रकारांचे तरी काय वेगळे? दर ६ जानेवारीला दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालता. पोंभुर्ल्याचे, म्हणजे आमच्याच देवगड तालुक्यातले हे गृहस्थ कुलाब्याची वेधशाळाही सांभाळत होते, हे कधी छापलेत?

गेल्या वर्षीच्या माझ्या पत्रातून 'जागेअभावी' नेमके नायगमवालांचे नाव गाळले होतेत. यंदा जागा कमी पडलीच, तर लॉकियरचे गाळा.

आपला,
एक वाचक, देवगड